आखाजीचे घरचे जेवण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजे पंचांगातली अक्षय्य तृतीया, खान्देशात आखाजी या नावाने ओळखली जाते आणि जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत तिचा मान दिवाळीच्या बरोबरीचा आहे. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोका बांधला जातो, गौराई बसते आणि ज्या घरात एरवी चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो तिथे पंधरा-वीस पाने मांडावी लागतात. पुण्याला, नाशिकला किंवा सुरतेला संसार असलेल्या आमच्या घरातील सुना आणि भाच्या दरवर्षी आखाजीच्या आधी फोनवरून जे प्रश्न विचारतात, तेच येथे उत्तरांसह लिहून ठेवले आहेत.

आखाजीच्या ताटात कोणकोणते पदार्थ असावेत?

मांडे, म्हणजे पालथ्या मातीच्या खापरावर भाजलेल्या मोठ्या पातळ पुरणपोळ्या, आमरस, रशी, म्हणजे कटाची तिखट आमटी, भात, कुरडया, पापड, भजी आणि एखादी सुकी भाजी एवढे पदार्थ बहुतेक घरांत असतात. सांजोऱ्या, म्हणजे रव्याचे गोड सारण भरून तळलेल्या पुऱ्या, आदल्या दिवशीच तळून ठेवलेल्या असतात आणि त्या प्रथम गौराईपुढे व घागरीवर जातात. या ताटात दिसण्यापेक्षा जास्त विचार आहे. मांडा आणि रस दोन्ही गोड असल्यामुळे रशी झणझणीत लागते, आणि हे तिन्ही पदार्थ मऊ किंवा पातळ असल्यामुळे दाताखाली कुरकुरणारी कुरडई लागते. हौसेने पनीरची भाजी आणि विकतचे गुलाबजाम वाढवणारी घरे आता पुष्कळ झाली आहेत, परंतु माझा अनुभव असा आहे की याहून जास्त पदार्थ वाढले की मांडा अर्धाच खाल्ला जातो आणि ज्या पदार्थासाठी सकाळपासून दोन बायका चुलीपुढे बसलेल्या असतात, तोच पानात उरतो.

मुख्य जेवण दुपारी करावे की रात्री?

दुपारी. आखाजीला पितरांसाठी मातीची घागर पाण्याने भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, तसेच आंबा आणि सांजोरी ठेवतात व विस्तवावर तूप आणि अन्नाचे घास टाकून आगारी देतात. हे झाल्यावरच घरची माणसे जेवायला बसतात, त्यामुळे पहिली पंगत साधारणपणे बारा-साडेबाराला पडते. कित्येक घरांत पितरांना आंबा दाखवेपर्यंत वर्षातला पहिला आंबा कोणी तोंडात घालत नाही. दुपारच्या या जेवणानंतर रात्री कोणालाही फारशी भूक नसते. तेव्हा तुरीच्या डाळीची खिचडी, तिच्यावर कच्चे तेल आणि सोबत भाजलेला पापड एवढे पुरते.

मांडे आणि नेहमीची पुरणपोळी यांत फरक काय?

सारण एकच आहे, परंतु हात निराळा आहे. नेहमीची पुरणपोळी पोळपाटावर लाटून तव्यावर भाजतात आणि ती तव्याएवढीच होते. मांडा पोळपाटावर भाकरीएवढा लाटून झाल्यावर दोन्ही हातांवर घेतला जातो, एका हातावरून दुसऱ्या हातावर उलटत फिरवला जातो आणि आतल्या पुरणाच्या वजनानेच तो ताणला जाऊन दुपटीने मोठा होतो. मग तो पालथ्या मातीच्या खापरावर अलगद टाकतात. भाजून झाला की खापरावरच त्याची रुमालासारखी घडी घालतात, कारण खाली उतरवून थोडा जरी निवला तरी घडी घालताना तो मोडतो. चांगला मांडा इतका पातळ असतो की भाजताना आतले पुरण वरून दिसते.

कणीक कशी मळावी? आमचे मांडे हातावर घेतले की फाटतात.

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा पिठात आणि घाईत सापडते. पूर्वी गहू धुऊन, ओलसर असतानाच बांधून ठेवून दुसऱ्या दिवशी दळत आणि ते पीठ पातळ कापडातून गाळून घेत. यामुळे कोंडा निघून जातो आणि कोंड्याच्या टोकदार कणांनी कणीक फाटत नाही. आज गिरणीतून बारीक दळून आणलेले पीठ मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळले तरी काम भागते. थोडा मैदा मिसळणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही, परंतु चौथ्या हिश्शापेक्षा जास्त मैदा घातला तर मांडा निवल्यावर चिवट होतो.

मीठ घालून कणीक प्रथम पोळ्यांच्या कणकेइतकी घट्ट भिजवावी आणि नंतर पाण्याचा हात लावत लावत ती सैल करत न्यावी. परातीतून उचलायची, आपटायची, पुन्हा पाण्याचा हात लावून दुमडायची, असे किमान अर्धा तास करावे लागते. गव्हातले चिकट सत्त्व पाणी आणि मार या दोन्हींनी एकमेकांत गुंतते, आणि हे गुंतणे झाले नसेल तर कणीक नुसती ओली होते, ताणली जात नाही. चिमूटभर गोळा ओढून पाहावा. तो न तुटता तारेसारखा लांबला तर कणीक झाली असे समजावे. त्यानंतर वर तेल ओतून ती दोन तास झाकून ठेवावी. मळून लगेच मांडे करायला बसलेली सुगरण मी अजून पाहिलेली नाही.

हातावर घेण्यापूर्वी अंगठ्या काढून ठेवाव्यात आणि बांगड्या वर सरकवाव्यात, ही गोष्ट क्षुल्लक वाटली तरी पहिला मांडा त्याच कारणाने फाटतो.

पुरण सैल झाले तर काय करावे?

सैल पुरणाचे मांडे होत नाहीत, त्यामुळे ते आटवण्यावाचून गत्यंतर नाही. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ते सतत हलवावे, आणि त्यात उलथने उभे केले असता ते न कलंडता उभे राहिले की उतरवावे. दोष सहसा आधीच झालेला असतो, कारण शिजलेल्या डाळीतले पाणी पुरते निथळू न देताच गूळ घातला जातो आणि गुळाला स्वतःचेही पाणी सुटते. मी स्वतः एका वर्षी पाहुणे दारात आल्याच्या गडबडीत हेच केले होते आणि त्या दिवशी साडेबाराची पंगत अडीचला बसली.

मांड्यांसाठीचे पुरण नेहमीपेक्षा जास्त मऊ वाटावे लागते. पुरणयंत्रातून काढलेले पुरण पोळीला चालते, पण मांड्याला ते पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये पुन्हा एकदा वाटलेले बरे, कारण अर्धवट शिजलेला डाळीचा एक कणही ताणताना पापुद्रा भोसकतो. हरभऱ्याची डाळ आणि गूळ वजनाने सारखे घेण्याची पद्धत आहे. रस गोड असल्यामुळे आमच्या घरी किलोभर डाळीला पाऊण किलोच गूळ घालतात. काही घरांत गुळाऐवजी साखर घालतात, त्यामुळे मांडा पांढरटसर राहतो. वेलदोडा आणि जायफळ पुरण उतरवल्यावर घालावे.

खापर कसे निवडावे आणि नवे खापर तडकू नये म्हणून काय करावे?

आखाजीच्या आधीच्या बाजारात कुंभारांकडे खापरे मिळतात. बोटाने टिचकी मारल्यावर खणखणीत आवाज आला तर खापर नीट भाजलेले आहे, आणि बद्द आवाज आला तर त्याला कुठेतरी बारीक तडा आहे. नवे खापर रात्रभर पाण्यात ठेवावे, सावलीत पूर्ण वाळवावे आणि पहिल्यांदा मंद विस्तवावर हळूहळू तापवून त्याला तेलाचा बोळा फिरवावा. नवे खापर थेट सणाच्या दिवशी चुलीवर चढवू नये. आठवडाभर आधी त्यावर दोन-चार साध्या पोळ्या भाजून पाहाव्यात.

तापलेल्या खापराला पाणी लागले की ते तडकते. आमचे पंधरा वर्षे वापरातले खापर एका ओल्या फडक्याने गेले. कोणीतरी सांडलेले पुरण पुसायला फडके लावले, फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि खापराचे दोन तुकडे चुलीच्या दोन्ही बाजूंना पडले. म्हणूनच माझी मोठी आई खापर तापले की नाही हे कधीही पाणी शिंपडून पाहत नसे. ती चिमूटभर पीठ खापराच्या माथ्यावर टाकायची आणि त्याच्याकडे टक लावून पाहत राहायची. पीठ तसेच पांढरे राहिले तर लाकूड पुढे सरकवायची, झटकन काळे पडले तर मागे ओढायची, आणि ते सावकाश बदामी झाले की पीठ फुंकून टाकून शेजारी मांडा हातावर घेऊन ताटकळत उभ्या असलेल्या माझ्या बहिणीला म्हणायची, "आते टाक, पोरी," म्हणजे आता टाक.

गॅसवर मांडे होतात का?

होतात, मात्र खापरावर करू नयेत. गॅसची ज्योत मधोमध लागते, त्यामुळे खापराचा माथा लाल होतो, कडा गार राहतात आणि या असमान तापाने खापर फुटण्याची भीती असते. लोखंडाची मोठी जाड कढई पालथी घालून वापरावी; शहरांतल्या कित्येक खान्देशी घरांत आता हीच पद्धत आहे. कढई पालथी घालताना आतली वाफ आणि ज्योत कोंडू नये म्हणून ती शेगडीच्या उंच तिकाटण्यावर ठेवावी. माती उष्णता सावकाश देते, लोखंड पटकन देते. म्हणून कढईवर मांडा टाकल्यावर आच कमी करावी, नाहीतर बाहेर डाग पडतात आणि आतले पुरण करपून कडवट होते. चव खापराची येत नाही, हे मान्य करावे लागेल.

रशीला खरी चव कशाने येते?

एका शब्दात उत्तर द्यायचे तर भाजण्याने. पुरणाची डाळ शिजवल्यावर निथळलेले पाणी, म्हणजे कट, हा तिचा पाया असतो, परंतु कट स्वतः गोडसर आणि फिका असतो. सुके खोबरे थेट विस्तवावर किंवा गॅसवर धरून काळे होईपर्यंत भाजावे, कांदेही सालीसकट तसेच भाजावेत, आणि धणे, लवंग, दालचिनी, मिरी, दगडफूल हा खडा मसाला थोड्या तेलात परतून घ्यावा. लसूण, आले आणि कोथिंबीर घालून हे सर्व पाण्याचा अगदी कमी हात लावून गंधासारखे वाटावे. तेल सढळ घ्यावे आणि वाटण त्यात तेल सुटेपर्यंत परतावे. इथे पाच मिनिटे वाचवली तर रशीला कच्चट वास राहतो आणि नंतर कितीही उकळली तरी तो जात नाही. लाल तिखट आच मंद करून घालावे, म्हणजे रंग काळवंडत नाही. नंदुरबारची बाजारपेठ मिरचीसाठी प्रसिद्ध आहे, आणि आमच्याकडे वर्षाचे तिखट उन्हाळ्यात तिथल्याच मिरचीचे कुटून ठेवतात.

पाणी घालायचे ते उकळते घालावे, म्हणजे तर्री वर येते. मुलांसाठी तर्री न घेता खालची रशी वाटीत काढून तिच्यात एक चमचा पुरण विरघळवले तर तिखटपणा पुष्कळ कमी होतो.

नैवेद्यात कांदा-लसूण चालतो का?

घराघराची रीत वेगळी आहे. आमच्याकडे नैवेद्याची वाटीभर आमटी कांदा-लसणाशिवाय आधी बाजूला काढतात आणि मग उरलेल्या कटाची रशी करतात. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारावे.

आमरस काळा पडतो किंवा आंबतो, त्यावर उपाय काय?

आखाजी एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मे महिन्यात येते, त्या काळात जळगाव-भुसावळकडे पारा 42-43 अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नसते, आणि सकाळी काढलेला रस दुपारच्या दुसऱ्या पंगतीपर्यंत फसफसू लागतो. आंबे सकाळी दोन तास पाण्यात बुडवून ठेवावेत, रस पहिल्या पंगतीच्या तासभर आधी काढावा आणि पातेले पाण्याच्या परातीत ठेवून वर ओले फडके झाकावे. दूध घालायचे असल्यास ते वाढण्याच्या वेळीच घालावे. चिमूटभर सुंठ आणि चमचाभर तूप पचनासाठी घालतात.

गावरान आंब्याचा रस पातळ आणि थोडा आंबूस असतो, तर केशरचा दाट आणि गोड असतो. मांड्यासोबत मला दोन्ही निम्मे-निम्मे मिसळलेले आवडतात, कारण नुसत्या केशरच्या रसाने तोंड लवकर गोडावते. कार्बाइडने आंबे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे, तरी बाजारात असा माल येतो. बाहेरून एकसारखा पिवळा, आतून फिका आणि वास नसलेला आंबा घेऊ नये. शक्य असेल तर कच्चे आंबे आठ-दहा दिवस आधी आणून घरीच गवताच्या अढीत घालावेत.

याच जेवणात वांग्याचे भरीत का करत नाहीत?

खान्देशी जेवण म्हटले की लोकांना भरीत आणि शेवभाजी आठवते, म्हणून बाहेरचे पाहुणे हा प्रश्न विचारतात. भरिताची हिरवट पांढरी, मोठी वांगी ही थंडीतली चीज आहे; आसोदा आणि बामणोद या गावांची वांगी त्यासाठी नावाजलेली आहेत, आणि जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. चंपाषष्ठीला खंडोबाला भरिताचा नैवेद्य दाखवतात आणि पुढे दोन-अडीच महिने शेतांवर भरीत-पार्ट्या चालतात. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजायची, साल काढून हिरवी मिरची आणि लसणासह लाकडी बडगीत ठेचायची, वर तेल, शेंगदाणे, कांद्याची पात आणि कोथिंबीर घालायची आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर किंवा पुरीबरोबर खायची, ही त्याची रीत आहे. वैशाखातल्या वांग्याला तो मऊपणा नसतो आणि बियाच जास्त लागतात. शिवाय भरीत हा ताटाचा राजा होणारा पदार्थ आहे, त्याला मांड्याशेजारी बसवण्यात दोघांचाही मान जातो.

पाहुणे दुसऱ्या दिवशीही राहणार असतील तर मात्र वरण-बट्टी करावी. जाडसर दळलेल्या गव्हात थोडा मका, ओवा, हळद आणि तेलाचे मोहन घालून गोळे वाफवायचे, कापून तळायचे आणि तुरीचे वरण, तूप व घोटलेल्या वांग्याच्या भाजीबरोबर वाढायचे. या भाजीत वांगी घोटलीच जात असल्याने उन्हाळ्यातली वांगीही खपून जातात.

पंधरा माणसांसाठी किती सामान लागेल?

चार-पाच लहान मुले धरून पंधरा माणसांना एक किलो हरभरा डाळ आणि साधारण सव्वा किलो पीठ पुरते. आमच्याकडे किलोभर डाळीच्या पुरणात पंधरा मांडे होतात, म्हणजे एका मांड्यात भरगच्च मूठभर पुरण जाते. जेवणारा गडी दीड मांडा खातो, मुले पाव-अर्धा खातात, त्यामुळे हिशेब जुळतो. रसासाठी सहा किलो आंबे घ्यावेत. साल आणि कोय जाऊन निम्मा रस निघतो. रशीला एक मोठी खोबऱ्याची वाटी, पाच कांदे आणि लसणाचे दोन गड्डे लागतात. तूप अर्धा किलो धरावे, आणि ते वाढताना हात आखडू नये.

आधी काय करून ठेवता येते?

कुरडया, पापड आणि बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, चैत्रातच होतात. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजवून, वाटून, त्याचा चीक शिजवून सोऱ्याने पाडतात. त्या दिवशी कढईतला गरम चीक वाटीत घेऊन तेल किंवा दूध-साखर घालून खाण्यासाठी गल्लीतली मुले जमतात. सांजोऱ्या आदल्या दिवशी तळाव्यात. पुरण आदल्या रात्री करून थंड जागी ठेवता येते, रशीचे वाटणही आदल्या दिवशी करून ठेवता येते. कणीक मात्र त्याच दिवशी पहाटे मळावी.

मांडे आधी करून रचून ठेवू नयेत. इथे मला थोडे स्पष्ट लिहावेसे वाटते. मांडे गरम वाढायचे म्हणून चुलीपुढची बाई शेवटपर्यंत उठत नाही आणि तिच्या वाट्याला गार मांडा व भांड्याच्या तळाचा रस येतो. माहेरी आलेल्या लेकीलाच हातावरचे मांडे चांगले येतात म्हणून तिलाच चुलीपुढे बसवणारी घरेही मी पाहिली आहेत. आमच्याकडे गेली काही वर्षे पहिले चार मांडे झाले की मांडे करणाऱ्या दोघींपैकी एक जण सर्वांच्या आधी जेवून घेते आणि मग दुसरीची जागा घेते. लाकडे सारणे आणि वाढणे ही कामे पुरुष करतात. सुरुवातीला थोरल्या काकांनी यावर नाक मुरडले होते. आता तेच लाकडे सारायला बसतात आणि आच जास्त ठेवतात, ही वेगळी तक्रार आहे.

कानबाईच्या रोटांनाही हेच जेवण चालते का?

पुरणपोळी तिथेही असते, परंतु नियम निराळे आहेत. कानबाई ही खान्देशातली देवी श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. रोटांचा, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जेवणाचा, गहू कुटुंबातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून घेतला जातो, पुरणपोळी, कटाची आमटी, खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी होते, आणि रोट भाऊबंदकीतच खाल्ले जातात. त्यामुळे मित्रमंडळींना बोलवायचे असेल तर तो दिवस निवडू नये. आखाजी त्यासाठी मोकळी आहे.

मधुमेह असलेल्या माणसांना काय वाढावे?

त्यांच्यासाठी कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि सालीसकट उडीद एकत्र दळून केलेली भाकरी, रशीबरोबर ठेवावी आणि मांड्याचा एक पदर चवीला द्यावा. बिनसाखरेच्या पुरणाचे प्रयोग मी करून पाहिले. त्यापेक्षा खऱ्या मांड्याचे दोन घास बरे. प्रमाण मात्र ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

उरलेल्या मांड्यांचे आणि रशीचे काय करावे?

उन्हाळ्यात पुरण रात्रभर बाहेर राहिले तर आंबते, म्हणून उरलेले मांडे संध्याकाळीच फ्रिजमध्ये ठेवावेत आणि सकाळी तव्यावर तूप सोडून गरम करावेत किंवा कोमट दुधात कुस्करून खावेत. रस उरू देऊच नये. रशी दुसऱ्या दिवशी जास्त मुरते आणि अनेकांना ती तेव्हाच आवडते. तिच्यात शिळी भाकरी कुस्करून वर कच्चा कांदा फोडला की मुक्कामी राहिलेले जावईसुद्धा न्याहारीला पोह्यांची वाट पाहत नाहीत. लेकी परत निघतात तेव्हा त्यांच्या पिशवीत सांजोऱ्या, कुरडया आणि रशीच्या कोरड्या मसाल्याची एक पुडी जाते. मांडा मागितला तर द्यावा, पण एस. टी.च्या प्रवासात तो वरच्या पिशवीत ठेवायला सांगावे.